बाईंना उशीर झाला

ज्या वर्षी आमच्या थोरलीला मुलगी झाली, त्याच वर्षी मोठ्या बाई हॉलमध्ये आल्या. वर्ष कशाला, दिवससुद्धा तोच. मार्चची अकरा तारीख. बाळंतिणींचा वॉर्ड आणि आमचा शरीरशास्त्राचा हॉल यांच्यामध्ये एक पटांगण आहे, चालत गेलं तर दोन मिनिटांचं. मी वॉर्डात लोखंडी स्टुलावर बसून नातीची बोटं मोजत होतो.

“बाबा, दहाच आहेत. मी मघाशीच मोजली,” थोरली म्हणाली.

“मोजलेलं बरं. आमच्याकडे मोजूनच घेतात.”

“अहो, निदान आज तरी तो हॉल दाराबाहेर ठेवा,” बायको म्हणाली.

तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी दारात आला. आत बाळंतिणी, म्हणून बिचारा छताकडे बघत बोलला, “मामा, गाडी आलीय. पाहुणे आहेत.”

पाहुणे म्हणजे देहदानात आलेला देह. हे नाव मीच पाडलं होतं. कोणी बॉडी म्हणायचं, कोणी मढं म्हणायचं. मला दोन्ही जड जायचं. पाहुणे म्हटलं की माणूस आपोआप बाजूला सरकून वाट देतो.

मी पटांगण ओलांडून गेलो. शर्टाला बाळाच्या दुधाचा वास येत होता. गाडीत ड्रायव्हरशेजारी साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. उतरल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम्हीच मामा ना? ताईनं बजावलं होतं, उतरलीस की आधी मामांना गाठ. साहेबलोक नंतर.”

“कोण ताई?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं. नाक मोठ्या बाईंचंच होतं.

“सकाळी सव्वासहाला गेली. चहा ठेवला होता मी. झाला का गं, म्हणाली. मी गाळून आणेपर्यंत थांबली नाही.” एवढं बोलून त्यांनी पर्स उघडली आणि एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. “हा तिचा फॉर्म. याच्यावर तुमची सही आहे म्हणे.”

होती. साक्षीदार म्हणून होती. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही.

मी हॉलमध्ये कामाला लागलो तेव्हा मला आकडे ओळखता यायचे, अक्षर ओळखता येत नव्हतं. प्रत्येक देहाच्या पायाला आम्ही पत्र्याचा बिल्ला बांधतो, त्यावर नंबर असतो, नाव नसतं. म्हणून माझं निभून गेलं. सात वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. कोणी कागद पुढे केला की मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, चष्मा घरी राहिला. चष्मा मला नव्हताच. अडाणी माणसाला हुशार राहावंच लागतं.

मोठ्या बाई तेव्हा विभागप्रमुख होत्या. एक दिवस त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. “मामा, ही वाचा आणि यात लिहिलंय तसं करा.”

मी चिठ्ठीवरून नजर फिरवली, मान हलवली, घडी करून खिशात ठेवली. “करतो, बाई.”

“काय करता?”

मी खिसे चाचपले.

“त्यात लिहिलंय, मामा, तुमचा चष्मा मी आजवर पाहिलेला नाही. उद्यापासून सकाळी एक तास लवकर या.”

मला वाटलं, नोकरी गेली. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सात वाजता गेलो तर बाई हाडांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेल्या. कपाटाच्या एकेका खणावर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. “क कवटीचा. तुमची कुठंय? हात लावा.” मी डोक्याला हात लावला. म मणक्याचा, ब बरगडीचा, ख खुब्याचा. मी छत्तीस वर्षांचा होतो. लोक पाटीवर शिकतात, मी अंगावर शिकलो. ख काढताना माझी रेघ सुटली की त्या म्हणायच्या, “मामा, तुमचा खुबा निखळला.” आमची थोरली त्या वेळी चौथीत होती आणि जोडाक्षरांत तिनं मला मागे टाकलं, पण रस्त्यातल्या पाट्या मी वाचायला लागलो, औषधाच्या बाटल्या वाचायला लागलो, आणि एक दिवस हॉलच्या नोंदवहीत माझ्या हातानं पहिली ओळ लिहिली. त्या दिवसापासून ती वही माझ्याकडे आली.

बाईंचा तास आठ वाजता असायचा. सात एकोणसाठला त्यांचा पाय उंबऱ्यात पडायचा. मी हॉलमधलं घड्याळ त्यांच्यावरून लावत असे. मूत्रपिंडं शिकवायची असली की त्या दोन हातांत दोन खडू घेत आणि दोन्ही मूत्रपिंडं एकदम काढत, डावं डाव्या हातानं, उजवं उजव्या हातानं. दोन घेवड्याचे दाणे जणू. मुलं टाळ्या वाजवायची. बाई म्हणायच्या, “टाळ्या कसल्या वाजवता? या दोन बहिणी आहेत, शेजारी राहतात, पण एकमेकींचं तोंड बघत नाहीत. हे लिहून घ्या.”

निवृत्त व्हायच्या आठवडाभर आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तो फॉर्म पुढे केला. त्याआधी मी पगारावर अंगठाच लावत आलो होतो. सवय, दुसरं काय.

“साक्षीदार हवाय. सही करा.”

मी वाचला. सावकाश, पण सगळा वाचला. मग म्हणालो, “बाई, माझी पहिली सही तुमच्या मरणाच्या कागदावर नको.”

“मरणाचा कुठंय? नोकरीचा अर्ज आहे. निवृत्त झाल्यावर परत रुजू व्हायचं म्हणतेय.”

मला हसू येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मामा, एका टेबलाला वीस मुलं उभी राहतात. मागच्या दहांना काही दिसत नाही. ती दहा पोरं उद्या कोणाच्या तरी पोटावर सुरी धरणार. माझं हे इतकी वर्षं वापरलेलं शरीर त्यांच्या उपयोगी पडणार नसेल, तर मी त्यांना शिकवलं काय? फक्त एक करा. मला औषधाच्या टाकीत लोळत ठेवू नका. मी आजवर तासाला कधी उशिरा गेले नाही.”

मी सही केली. खुबा निखळू दिला नाही.

आता त्याच कागदाची घडी हातात घेऊन मी उभा होतो, आणि त्यांची बहीण, धाकट्या बाई, विचारत होत्या, “किती दिवस लागतात हो?”

“वर्ष. फार तर सव्वा वर्ष.”

“म्हणजे पुढच्या वर्षी ती मला मिळेल.”

“मिळतील. राख तुमच्याच हातात देऊ.”

“अंगणात खड्डा करून ठेवते. दोघींचं ठरलंय, वर झाड लावायचं. कुठलं लावायचं यावर मात्र शेवटपर्यंत भांडलो. ती म्हणे लिंबाचं, मी म्हणते चाफ्याचं. लिंबाला काटे असतात, मामा. रोज तिला पाणी घालायला जायचं आणि ओरबाडून घ्यायचं, हे काय झालं?” त्या हसल्या, मग तोंडावर पर्स धरून उभ्या राहिल्या.

बाईंना एकशे बारा नंबर आला. बिल्ला मी बांधला. देह टिकवायचं औषध भरायचं काम नव्या सरांनी केलं. नवे सर बाईंच्या नंतर बाहेरून आले होते. बाई त्यांना नावानं माहीत होत्या, चेहऱ्यानं नाही. बाकी जुनं कोणी उरलं नव्हतं. हॉलमध्ये बाईंना ओळखणारा मी एकटा होतो. मी त्यांना तीन नंबरच्या टाकीत ठेवलं आणि झाकण लावलं.

ऑगस्टमध्ये नवी मुलं आली. सर म्हणाले, “मामा, चार देह लागतील. बघा कोण तयार आहे ते.” टाकीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असे. औषध नीट मुरलं की नाही ते मी बोटानं दाबून सांगायचो आणि पुढे कोणी विचारायचं नाही.

मी तीन नंबरचं झाकण उघडलं. बाई तयार होत्या. कोणी इतकं नीट तयार झालेलं मी पाहिलं नव्हतं. तोंडावर ओलं फडकं असतं, ते मी काढलं नाही. पण उजवा हात वर आला. त्या हाताचं पहिलं बोट टोकाशी जरा वाकडं होतं, खडू धरून धरून झालेलं. त्या बोटानं मला क दाखवला होता. मी हात परत खाली सोडला, झाकण लावलं आणि चार ऐवजी तीन देह बाहेर काढले.

मग वही उघडली. एकशे बारासमोर लिहिलं, तयार नाही.

अक्षर छान आलं होतं. बाईंनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, वा मामा. त्यांनी दिलेल्या अक्षरांनी मी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

मार्चमध्ये धाकट्या बाई आल्या. पाच तासांचा बसचा प्रवास करून आल्या होत्या. हॉलच्या बाहेर बाकावर बसल्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या.

“झालं का तिचं?”

“थोडं राहिलंय.”

“तुम्ही सव्वा वर्ष म्हणाला होता. मीच घाई केली.” बाटलीतलं पाणी प्यायल्या. “नात काय म्हणते?”

“पावलं टाकते.”

“चांगलं झालं. बरं, खड्डा खणून घेतलाय. पावसात भरेल, पण परत उपसता येतो.”

दुसऱ्या ऑगस्टमध्ये सरांनी स्वतःहून विचारलं, “मामा, एकशे बारा का राहिलाय?”

“औषध मुरलं नाही, सर. अंगात चरबी असली की होतं तसं.”

बाईंच्या अंगावर चरबी कधीच नव्हती. काडीसारख्या होत्या. पण सर म्हणाले, “बरं, तुम्हाला कळतं ते,” आणि मी परत वहीत तेच दोन शब्द लिहिले. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “हल्ली घरी आल्यावर हात फार वेळ धुता.”

त्यानंतरच्या मार्चला धाकट्या बाई काठी घेऊन आल्या. नातीसाठी लोकरीची टोपी विणून आणली होती. मी सांगितलं, अजून काम चालू आहे, मुलं फार शिकतायत त्यांच्याकडून. आता मी तोंडानंही खोटं बोलायला लागलो होतो, आणि ते वहीपेक्षा सोपं गेलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी वेगळंच विचारलं.

“मामा, मला एक सांगा. काय सापडलं तिच्यात?”

“म्हणजे?”

“म्हणजे शिकवलं काय तिनं? ती सांगायची ना, प्रत्येक माणूस आतून थोडा वेगळा असतो. उघडल्याशिवाय कळत नाही. मग ती कशी निघाली?”

मी बाकावरची धूळ हातानं पुसली. मग म्हणालो, “सगळं जिथल्या तिथं. पुस्तकासारखं.”

“हं.” त्या काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिल्या. “पुस्तकासारखी ती कधी नव्हती. पण असेल.” उठताना म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मला यायला जमेलसं दिसत नाही. गुडघे बोलतात. खड्डा दरवर्षी पावसात भरतो आणि मी उपसते. शेजारची म्हणते, काकू, बुजवून टाका, कोणी पडेल. मी म्हणते, पडायला येतंय कोण?”

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीतून त्यांनी हात केला. तेव्हा सांगता आलं असतं. बस सुटायला दहा मिनिटं होती.

त्या वर्षी हॉलमध्ये देह दोनच उरले होते. एका टेबलाला चाळीस मुलं. मागच्या रांगेत एक मुलगी होती, बुटकी, जाड भिंगांची. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ती माझं लोखंडी स्टूल मागून न्यायची आणि त्याच्यावर उभी राहायची, तरी पुढचे चार जण वाकले की संपलं. मला म्हणायची, “मामा, मी दोन महिने पुढच्याच्या मानेचा अभ्यास केलाय. परीक्षेत मान आली तर पहिली येईन.”

परीक्षेत मूत्रपिंड आलं. परीक्षक बाहेरचे होते, बोलायला कडक. मी ट्रे धरून शेजारी उभा होतो.

“उजवं की डावं?”

ती ट्रेकडे बघत राहिली.

“लांबून काय बघता? हातात घ्या.”

तिनं ते उचललं, पण चटका बसल्यासारखं.

“याआधी कधी हातात घेतलं होतं?”

“नाही, सर. आमच्या टेबलाला चाळीस जण होतो. मला मागून—”

“हे मला सांगून उपयोग नाही. उद्या टेबलावर झोपलेल्या माणसाला सांगा. तो ऐकून घेतो का बघा.”

ती नापास झाली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी फरशी पुसत होतो तेव्हा ती आली. रडून झालं होतं. स्टूल परत द्यायला आली होती.

“मामा, टाकीत अजून कोणीच नाही का?”

“नाही,” मी म्हणालो.

ती गेली. मी पुसत राहिलो. तीन नंबरच्या टाकीपाशी आलो आणि तिथली फरशी दोनदा पुसली, तीनदा पुसली. मागची दहा पोरं, बाई म्हणाल्या होत्या. आता मागे तीस उभी होती. आणि बाई आत, तासाला तीन वर्षं उशीर झालेला, आणि दार मी धरून ठेवलेलं.

ऑगस्टमध्ये मी वहीत लिहिलं, एकशे बारा, तयार. खरं तर त्या सुरुवातीपासून तयार होत्या. मी नव्हतो.

पहिल्या दिवशी मी बाईंना एक नंबरच्या टेबलावर ठेवलं, खिडकीजवळ, उजेडात. घड्याळ बघून ठेवलं. आठला एक मिनिट कमी होतं. नाव सांगायचं नाही असा नियम आहे, तो मी पाळला. पण मुलं जमली तेव्हा मी कधी बोलत नाही तो बोललो.

“यांच्याकडून नीट शिका. उशिरा येऊ नका. आणि बुटक्यांना पुढे घ्या.”

मुलं हसली. नव्या सरांनी माझ्याकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे. सुरी उचलायच्या आधी एकदम सरळ उभे राहिले, वरिष्ठ आत आल्यावर राहतात तसे.

पहिल्या कापाच्या वेळी मी बाहेर जाऊन नळ सोडला. त्यानंतर रोज आत राहिलो. टेबलाखाली प्रत्येकाचा आपापला डबा असतो. जे निघेल ते त्याच डब्यात, दुसरीकडे कणही जाता कामा नये, म्हणजे शेवटी घरच्यांना माणूस सगळा मिळतो. बाईंच्या डब्याला मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चष्मेवाली त्याच टेबलाला होती. आता तिला स्टूल लागत नव्हतं, सगळ्यांत पुढे असायची. तिचा हात हळूहळू ठरत गेला. डिसेंबरपर्यंत ती दुसऱ्यांना दाखवायला लागली.

जानेवारीत एका सकाळी तिनं मला हाक मारली. सरांना नाही, मला.

“मामा, इकडे या. हे काहीतरी चुकलंय.”

मी गेलो. तीस वर्षं बघून बघून मलाही थोडं कळत होतं. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात, वेगवेगळी. इथे दोघींची खालची टोकं कण्याच्या पुढून येऊन एकमेकींना जोडलेली होती. घोड्याच्या नालेसारखं एकच होतं.

सर आले. वाकून बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या टेबलावरची मुलं बोलावली, वरच्या वर्गातली बोलावली. त्या दिवशी शंभरावर मुलांनी एकेक करून ते पाहिलं. सर सांगत होते, चार-पाचशे माणसांत एखाद्याचं असं असतं, बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता नसतो, पण शस्त्रक्रिया करताना ठाऊक नसेल तर घात होतो. चष्मेवाली प्रत्येकाला म्हणत होती, “हात लाव. बघतोस काय, हात लाव.”

मी भिंतीला टेकून उभा होतो. चाळीस वर्षं बाईंनी दोन हातांनी दोन वेगळी मूत्रपिंडं काढली. आणि स्वतःच्या पोटात दोघी बहिणी हात धरून बसलेल्या. त्यांना केवढा आनंद झाला असता. दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजला सांगत सुटल्या असत्या.

पुस्तकासारखी ती कधी नव्हती, धाकट्या बाई म्हणाल्या होत्या.

त्या रविवारी मी पत्र लिहायला बसलो. आयुष्यात कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. सकाळपासून बसलो ते दिवस कलला. नात येऊन विचारत होती, “आजोबा, तुमचा गृहपाठ आहे का?” मी सगळं लिहिलं. मूत्रपिंडांचं लिहिलं. मग तीन वर्षांचं लिहिलं. वाकड्या बोटाचं लिहिलं. मी तुमच्याशी बाकावर बसून तीनदा खोटं बोललो, असं लिहिलं. खाली नाव लिहिलं आणि टपालात टाकून आलो.

महिनाभर उत्तर आलं नाही. मग एक कार्ड आलं. अक्षर बारीक, कललेलं.

“मामा यांस, पत्र मिळालं. जोडलेल्यांचं वाचून फार हसले, मग बराच वेळ बसून राहिले. बाकीचं दोनदा वाचलं. तुम्ही तिला तीन वर्षं काळोखात एकटी ठेवलीत आणि मला अंगणात. मला राग आला आहे. तो पत्रात मावणार नाही. तुम्ही तिला घेऊन या, समोर बसा, मग बोलेन. दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नका.”

ते कार्ड मी खिशात घेऊन फिरायचो. बायकोला दाखवलं. तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिनं वाचायला लावलं, ऐकलं आणि म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. जा आणि ऐकून या. उलट उत्तर करू नका.”

मेमध्ये काम संपलं. डब्यातलं सगळं मी स्वतः मोजून दाहिनीत नेलं. राख लाकडी पेटीत भरली. वहीत शेवटची ओळ लिहिली, एकशे बारा, घरी. त्याच महिन्याच्या अखेरीला मी निवृत्त होणार होतो.

बसमध्ये पेटी मांडीवर ठेवली होती. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, वर ठेवा की. किती वेळ धरणार?” मी म्हणालो, असू द्या. पाच तास मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मग ठरवलं, काही बोलायचं नाही. त्या जे म्हणतील ते मान खाली घालून ऐकायचं. आधी टोचून बोलतील, मग रडतील, मग नातीचं विचारतील. टोपी आता तिला होत नाही, हेही सांगायचं होतं.

घर सापडलं. दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसलो. वाटलं, बाजारात गेल्या असतील. थोड्या वेळानं शेजारची बाई बाहेर आली. ओले हात पुसत तिनं आधी पेटीकडे बघितलं.

“तुम्ही मामा का?”

“हो.”

“किल्ली माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. आणि तिथंच उभी राहिली. “काका, काकू गेल्या. एकोणीस दिवस झाले. आम्हाला तुमचा पत्ता सापडला नाही. पत्र त्यांनी कुठं ठेवलं होतं, देव जाणे.”

तिनं दार उघडून दिलं. आत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. एकीच्या पाठीवर शाल होती.

“तुमच्यावर फार रागावल्या होत्या,” ती म्हणाली. “रोज मला म्हणून दाखवायच्या, तुम्ही आलात की काय काय बोलणार ते.”

“काय म्हणायच्या?”

तिनं जरा विचार केला. “सगळं नाही आठवत हो. कामात असायचे मी. म्हणायच्या, आधी त्या माणसाला चहा देईन. पाच तास बसून येईल. मग बोलेन.”

ती चहा टाकायला आपल्या घरी गेली. मी मागच्या दारानं अंगणात गेलो. खड्डा होता. स्वच्छ होता, कडा नीट तासलेल्या, शेजारी उपसलेली माती आणि फावडं. खड्ड्याच्या काठावर कुंडीत एक रोप होतं. एकोणीस दिवस कोणी पाणी घातलं नव्हतं, पानं वळली होती. मी जवळ जाऊन बघितलं. काटे होते. लिंबाचं होतं.

मी पेटी रिकामी केली, रोप लावलं, माती लोटली. नळावरून चार बादल्या पाणी आणलं. हात दोन ठिकाणी ओरबाडले. चहा आला तो पायरीवर बसून प्यायलो. समोरची खुर्ची दारातून दिसत होती. मी बराच वेळ बसलो. कोणी काही बोललं नाही.

मोठ्या बाई गेल्या मार्चच्या अकरा तारखेला, मंगळवारी, सकाळी सव्वासहाला, माझी नात जन्मली त्या दिवशी. धाकट्या बाई गेल्या नात चार वर्षांची झाली त्या वर्षी, मेच्या दोन तारखेला, बुधवारी दुपारी. मी पोचलो एकवीस तारखेला.